तुम्ही घातलेला कंस आम्ही फेकून देत नाही

मागच्या अंकात माझी ओळख देताना संपादकांनी ‘क्लँग या ओपन सोर्स कंपायलरवर काम करतात’ असं एक वाक्य घातलं होतं. त्या एका वाक्यावर बत्तीस पत्रं आली. त्यातली आठ इथे घेतली आहेत. क्लँगचं नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सी, सी++, ऑब्जेक्टिव्ह-सी या एकाच घराण्यातल्या भाषा. त्यांत लिहिलेला कोड वाचायचा, समजून घ्यायचा, चुकला असेल तर कुठे चुकलं ते नीट दाखवायचं आणि बरोबर असेल तर पुढे एलएलव्हीएमकडे सोपवायचा, हे क्लँगचं काम. यालाच कंपायलरचा फ्रंट-एंड म्हणतात. प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना त्यापुढे एलएलव्हीएम तयार करतं. आयफोनची ॲप्स, अँड्रॉइड, क्रोम ब्राउझर यांतला या भाषांत लिहिलेला कोड क्लँगमधूनच जातो. मी पुण्यात राहते. नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी, गेली अकरा वर्षं क्लँगच्या एरर आणि वॉर्निंगच्या भागावर काम करते आहे.

तिसऱ्या वर्षाला कंपायलर हा विषय आहे. आम्हाला लेक्स आणि याक वापरून पार्सर बनवायला शिकवतात. क्लँगमध्ये याक नाहीच, सगळा पार्सर हाताने लिहिलाय असं सिनियर म्हणाला. मग आम्ही शिकतोय ते जुनं झालं का?
विद्यार्थिनी, इस्लामपूर

(इतर वाचकांसाठी: पार्सर म्हणजे कोडची वाक्यरचना ओळखणारा भाग, आणि लेक्स-याक म्हणजे नियम दिले की तो बनवून देणारी साधनं.) जुनं अजिबात नाही. व्याकरण म्हणजे काय, हे याकइतकं स्वच्छ दुसरं कुठलं साधन शिकवत नाही, तेव्हा प्रॅक्टिकल मन लावून कर. तुझा सिनियर म्हणतो तेही खरं आहे. क्लँगचा पार्सर हातानेच लिहिलेला आहे, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीचा. जीसीसी या दुसऱ्या ओपन सोर्स कंपायलरनेही हाच रस्ता धरला: सी++ चा पार्सर २००४ च्या ३.४ आवृत्तीत आणि सी चा २००६ च्या ४.१ आवृत्तीत त्यांनी याकच्या जातीच्या साधनातून काढून हाताने लिहिला.

असं का, ते एका ओळीत दाखवते. वहीत लिही: अ * ब; 

हा गुणाकार आहे का? ‘अ’ ही संख्या असेल तर गुणाकार. पण वर कुठेतरी ‘अ’ नावाचा टाइप जाहीर केलेला असेल, तर हीच ओळ ‘ब हा अ-कडे बोट दाखवणारा पॉइंटर आहे’ असं सांगते. अक्षरं तीच, अर्थ दोन. नुसत्या व्याकरणाने हा निवाडा होत नाही. पार्सरला मध्येच थांबून विचारावं लागतं, ‘अ म्हणजे कोण?’ क्लँगमध्ये हा प्रश्न ज्याला विचारतात त्या भागाचं नाव सेमा. पार्सर आणि सेमा हातात हात घालून चालतात. सी++ च्या टेम्प्लेटपर्यंत पोचलीस की असे प्रसंग पावलोपावली येतात.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये प्रत्येक वळणावर तुला ठाऊक असतं की आपण काय वाचत होतो. अर्धविराम सापडला नाही तर ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून हात वर करावे लागत नाहीत. ‘या ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा होता’ असं नेमक्या जागी सांगता येतं आणि तो आहे असं धरून पुढची फाइलही वाचता येते.

ती नेमकी जागा लक्षात कशी राहते, हे तुला आवडेल. कोडमधल्या प्रत्येक शब्दाची जागा क्लँग फक्त ३२ बिटांच्या एका आकड्यात ठेवतं. त्यातलं एक बिट सांगतं की हा शब्द सरळ फाइलमधून आला की मॅक्रो, म्हणजे कोडच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव, उलगडून आला. मॅक्रोतून आला असेल तर तो मुळात कुठे लिहिला होता आणि कुठे वापरला, या दोन्ही जागा काढता येतात. लाखो शब्दांच्या प्रोग्रामला हे परवडतं, कारण आकडा चारच बाइटांचा आहे.

परीक्षेपुरता इतिहास असा: एलएलव्हीएम २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे प्राध्यापक विक्रम आडवे यांनी सुरू केलं. आडवे आपल्या आयआयटी मुंबईचे. लॅटनर पुढे ॲपलमध्ये गेले. क्लँग जुलै २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये क्लँगने स्वतःचाच सी++ कोड कंपाईल करून दाखवला.

इफच्या अटीत सवयीने दुहेरी कंस घातले की क्लँग वॉर्निंग देतं. कंस जास्त झाल्याने कोणाचं काय बिघडतं? टीममध्ये सगळे ती वॉर्निंग बंदच करून टाकतात.
वाचक, हिंजवडी

कृपा करून बंद करू नका. या वॉर्निंगमागे काय आहे ते सांगते.

२००९ साली मी एका कंपनीत वजनकाट्याचं फर्मवेअर लिहीत होते. ऐन गाळप हंगामात एका साखर कारखान्यातून फोन आला की ऊस जास्त भरतोय. मी रात्री दोन वाजता काट्याच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडून बसले होते. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, डिझेलचा आणि उसाचा वास. रिकाम्या ट्रॉलीचं वजन, म्हणजे टेअर, भरलेल्या वजनातून वजाच होत नव्हतं. पहाटेपर्यंत शोधून सापडलं ते हे: अटीत ‘टेअर शून्य आहे का’ असं विचारायचं होतं, आणि तिथे दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं होतं. इफ (टेअर = ०). म्हणजे प्रश्न विचारला न जाता टेअरलाच शून्य करून टाकलं जात होतं. शून्य म्हणजे खोटं, म्हणून ‘टेअर घ्या’ हा भागही वगळला जायचा. आम्ही वापरत होतो तो कंपायलर यावर एक अक्षर बोलला नव्हता.

क्लँग बोलतं. ‘अटीत असाइनमेंटचा (म्हणजे किंमत देण्याचा) निकाल वापरला आहे आणि त्याभोवती कंस नाहीत’ असं सांगतं. त्याखाली दोन टिपा देतं: असाइनमेंटच करायची असेल तर तिच्याभोवती आणखी एक कंस घाला, तुलना करायची असेल तर दोन बरोबरची चिन्हं द्या. म्हणजे असाइनमेंटभोवतीचा तो जास्तीचा कंस ही तुमची सही असते: ‘मी हे जाणूनबुजून केलंय.’

आता तुमची वॉर्निंग बघा. तुम्ही लिहिता इफ ((टेअर == ०)). तुलना करताय, पण कंस मात्र असाइनमेंटच्या सहीचा आहे. क्लँग विचारतं, ‘कंस दुहेरी आहेत, तेव्हा तुम्हाला असाइनमेंट तर करायची नव्हती ना?’ ही सही जिथेतिथे होऊ लागली तर तिला किंमत उरत नाही, आणि मग माझ्या काट्यासारखी चूक डोळ्यांसमोरून निसटते.

हे जमतं कसं? कोड वाचून झाला की कंपायलर त्याचं झाड बनवतो. झाडाच्या आकारातच आधी काय आणि नंतर काय हे ठरलेलं असतं, त्यामुळे कंसाचं काम तिथे संपतं. पुढच्या टप्प्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. तरीही क्लँग प्रत्येक कंसासाठी झाडात एक वेगळी गाठ ठेवतं. पॅरन-एक्सप्र असं तिचं नाव. तुम्ही न लिहिलेले, भाषेच्या नियमाने आपोआप झालेले टाइपबदलही असेच वेगळ्या गाठींत नोंदलेले असतात. माणसाने काय लिहिलं आणि भाषेने काय गृहीत धरलं, या दोन गोष्टी झाडात कधी एकमेकींत मिसळत नाहीत. या कामाचा मला लळा लागला तो याच कारणाने. कोड नीटनेटका मांडणारी, जुन्या पद्धती शोधून बदलून देणारी, एडिटरमध्ये टाइप करता करता चुका दाखवणारी जी साधनं क्लँगवर उभी आहेत, त्या सगळ्यांना मूळ कोडची ही नेमकी आठवण लागते.

म्हणून म्हणते, वॉर्निंग चालू ठेवा आणि जास्तीचे कंस काढा.

उच्चार ‘सी-लँग’ की ‘क्लँग’?
वाचक, सोलापूर

क्लँग. घंटेवर टोला पडल्यावर येतो तसा.

मी निवृत्त शिक्षक आहे. गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना सी++ शिकवतो. इंग्रजी नावांनी ती बिचकतात म्हणून व्हेरिएबलची नावं मराठीत देऊ लागलो. वसतिगृहाच्या जेवणाचा हिशेब करताना दोन मुलांनी ‘आचाऱ्यांचा_पगार’ असं एकच नाव लिहिलं. एकाचा प्रोग्राम चालला, दुसऱ्याचा अडला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मॅडम, असं कसं?
वाचक, चिपळूण

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलांना मराठी नावं देऊन शिकवताय याबद्दल आधी मनापासून नमस्कार.

दोष मुलांचा नाही, ‘ऱ्यां’मधल्या त्या अर्ध्या र चा आहे. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पगार द्यायचा, हा फरक आपण शाळेतच शिकतो. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पुढच्या अक्षराला वळणदार रेघेसारखा चिकटतो. संगणकात ही वळणदार रेघ दोन तऱ्हांनी लिहिता येते. पहिली तऱ्हा: ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, पुढे य. दुसरी: साधा र, त्याला हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि पुढे य. या अदृश्य चिन्हाचा युनिकोड क्रमांक २००डी. काही कीबोर्ड पहिली तऱ्हा टाकतात, काही दुसरी. कागदावर दोन्ही एकच.

पूर्वी सी आणि सी++ च्या नियमांत हे अदृश्य चिन्ह नावात चालत होतं. २०२१ मध्ये सी++ समितीने नावांचा नियम बदलून युनिकोडच्याच यादीवर नेला. कोणत्या अक्षराने नाव सुरू होऊ शकतं आणि पुढे कोणती येऊ शकतात, याची ती यादी. आपली सगळी मुळाक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त त्यात आहेत. अदृश्य जोडचिन्ह नाही. क्लँगमध्ये हा नियम २०२२ च्या १४ व्या आवृत्तीपासून आहे आणि सी++ च्या जुन्या मानकांनाही तोच लागू होतो. दुसऱ्या मुलाला ‘हे अक्षर नावात चालत नाही’ अशा अर्थाचा एरर आला असणार, आणि त्यात २००डी हा क्रमांकही दिसला असेल.

सी मध्ये गंमत वेगळी. तिथल्या जुन्या मानकात ते चिन्ह अजून चालतं. क्लँग फक्त वॉर्निंग देतं की नावात असं अक्षर आहे जे काही ठिकाणी दिसत नाही. पण तिथे एका मुलाने एका तऱ्हेने जाहीर केलेलं नाव दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने वापरलं, तर कंपायलरच्या लेखी ती दोन वेगळी नावं होतात. चुकलेल्या नावाजवळचं नाव सुचवताना क्लँग नावांमधलं अंतर बाइटांत मोजतं आणि साधारण लांबीच्या एक तृतीयांशापर्यंतचा फरक माफ करतं. म्हणजे मुलाला ‘आचाऱ्यांचा_पगार माहीत नाही, तुम्हाला आचाऱ्यांचा_पगार म्हणायचं होतं का?’ असा प्रश्न दिसू शकतो. तेव्हा ते मूल किती गोंधळेल याची कल्पना मला आहे.

नवा नियम मला पटतो. जे दिसत नाही ते नावात आलं की त्याआड काहीही लपवता येतं, आणि तसे हल्ले कसे करता येतात हे दाखवूनही झालं आहे. सिंहली लिहिणाऱ्यांना मात्र हे जोडचिन्ह लागतंच, आणि फारसीला त्याचं भावंड, न जोडणारं चिन्ह. त्यांची अडचण खरी आहे. मराठी या बाबतीत सुदैवी, कारण आपल्याकडे ऱ हे अक्षर वेगळं आहे.

उपाय सोपा आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच किल्लीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो. मग हलन्त, मग य. मुलांना एकदा हाताला धरून शिकवा, दऱ्या, वाऱ्याचा_वेग, तऱ्हा सगळं चालेल. आणखी एक: एररखाली येणारं बाणाचं टोक मराठी ओळीत एखाद-दुसरं घर सरकलेलं दिसेल. काना-वेलांटीला किती जागा द्यायची यावर कंपायलर, टर्मिनल आणि फॉन्ट यांचं एकमत नसतं. मुलांना ओळ क्रमांकावर भरवसा ठेवायला सांगा.

माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. क्लँग बिल्ड करायला घेतलं की लिंकिंगला येऊन मशीन गोठतं. नवीन लॅपटॉप घेतल्याशिवाय काँट्रिब्यूट करताच येणार नाही का?
वाचक, लातूर

येईल. तुम्ही बहुधा डिबग बिल्ड मारताय. त्याला डिस्क १५-२० जीबी लागते आणि लिंकिंगच्या, म्हणजे तयार तुकडे एकत्र जोडण्याच्या, वेळी रॅम संपते. रिलीज बिल्ड करा, पण असर्शन, म्हणजे कोडच्या आतल्या तपासण्या, चालू ठेवा, नाहीतर आतल्या चुका पकडल्या जाणार नाहीत. प्रोजेक्टच्या यादीत फक्त क्लँग ठेवा. टार्गेट फक्त तुमच्या प्रोसेसरचं, बाकीचे डझनभर प्रोसेसर तुम्हाला लागत नाहीत. एका वेळी एकच लिंक-जॉब चालू द्या. लिंकर एलएलडी वापरा. सीकॅश बसवा, म्हणजे दुसऱ्या वेळी न बदललेल्या फाइली पुन्हा कंपाईल होणार नाहीत. पहिलं बिल्ड रात्री जेवून लावा, सकाळी तयार असेल. त्यानंतर एखादी फाइल बदलली तर तेवढंच होतं.

झाड कसं दिसतं एवढंच पाहायचं असेल तर बिल्डही नको. कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच क्लँगचं झाड उघडून बघता येतं. मीसुद्धा रोज तेच उघडते.

पहिला पीआर टाकून सात आठवडे झाले. कोणी पाहिलाच नाही. मी नवीन आहे म्हणून दुर्लक्ष करतायत का? काढून टाकू का?
वाचक, नागपूर

काढू नका. (पीआर म्हणजे आपला बदल घ्यावा म्हणून प्रकल्पाला केलेली विनंती.) क्लँगमध्ये बदल सुचवणारे पुष्कळ आणि तपासणारे मोजके, हे दुखणं जुनं आहे. तुमच्याकडे मुद्दाम काणाडोळा झालेला नाही. प्रकल्पाचा रिवाज असा आहे की आठवडाभर उत्तर आलं नाही तर पीआरवर ‘पिंग’ एवढा एक शब्द लिहायचा. आपल्याला ते भीड घातल्यासारखं वाटतं, पण तिथे ते रीतीला धरून आहे. मेंटेनरांची यादी कोडमध्येच एका फाइलीत आहे. तुमच्या भागाचं नाव कोणाकडे आहे ते बघून त्यांना रिव्ह्यूसाठी विनंती करा. पीआर मंजूर झाला आणि मर्जचा, म्हणजे तो मूळ कोडमध्ये मिसळण्याचा, अधिकार तुमच्याकडे नसेल, तर रिव्ह्यू करणाऱ्यालाच ‘कृपया मर्ज करा’ म्हणायचं.

त्याआधी दोन गोष्टी तपासा: टेस्ट आहे का, आणि रिलीज नोट्समध्ये ओळ घातली आहे का. वॉर्निंगची टेस्ट लिहिणं फार सुटसुटीत असतं. ज्या ओळीवर वॉर्निंग यायला हवी तिथेच कॉमेंटमध्ये अपेक्षित मजकूर लिहायचा. वॉर्निंग आली नाही तरी टेस्ट फुटते, न सांगितलेली आली तरी फुटते.

माझा पहिला पॅच सांगते. तेव्हा क्लँगचे रिव्ह्यू गिटहबवर नव्हते, फॅब्रिकेटर नावाच्या साधनावर चालायचे. दोन चिन्हांच्या अग्रक्रमाबद्दलच्या एका वॉर्निंगला मी आपोआप दुरुस्तीची सूचना जोडली होती. बदल १९ ओळींचा, त्यातल्या ११ टेस्टच्या. पाच आठवड्यांनी पहिलं उत्तर आलं, एका ओळीचं: ‘हा कोड मॅक्रोतून आला असेल तर काय होईल?’

मी करून पाहिलं आणि खुर्चीतच बसून राहिले. माझी सूचना मॅक्रोच्या मूळ व्याख्येत कंस घालत होती. म्हणजे एका जागची शंका मिटवण्यासाठी तो मॅक्रो जिथे जिथे वापरला होता तिथला सगळा कोड बदलला असता. दुसऱ्या फेरीत मला नियम समजावण्यात आला. एररला दुरुस्ती जोडली तर क्लँगने पुढे ती झालीच आहे असं धरून चाललं पाहिजे. वॉर्निंगला थेट जोडलेली दुरुस्ती कोडचा अर्थ कधी बदलता कामा नये. आणि लिहिणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असू शकतील तर दोन्ही वेगवेगळ्या टिपांमध्ये ठेवायच्या, निवड त्याच्यावर सोडायची. वर हिंजवडीच्या वाचकांना सांगितलेल्या त्या दोन टिपा याच नियमाने आल्या आहेत.

तिसऱ्या फेरीत पॅच आत गेला. दुसऱ्या दिवशी एका बिल्डबॉटवर, म्हणजे नवे बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या मशीनवर, टेस्ट फुटली आणि पॅच रिव्हर्ट झाला, म्हणजे मागे घेतला गेला. मी दिवसभर अस्वस्थ होते. नंतर कळलं की बॉट लाल झाला की आधी बदल मागे घ्यायचा आणि मग निवांत कारण शोधायचं, हा सगळ्यांना सारखा लागू असलेला शिरस्ता आहे. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचेही बदल रिव्हर्ट होतात. टेस्टमधली एक ओळ सुधारून पुन्हा टाकला आणि तो आजही तिथेच आहे. तेव्हा पिंग करा. आजच.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत या क्लँगचं काम करतो. पैसे मिळतात का विचारलं तर ‘आई, हे ओपन सोर्स आहे’ म्हणतो. मोठ्या कंपन्या हे फुकट वापरतात म्हणे. मुलाचा वेळ वाया जातोय का, ताई?
वाचक, नाशिक

ताई, काळजी रास्त आहे, म्हणून जे आहे ते सरळ सांगते.

कंपन्या वापरतात हे खरं. २०१९ पासून क्लँगचा परवाना अपाची २.० वर आधारलेला आहे, त्याआधी इलिनॉय विद्यापीठाचा होता. दोन्हींत कोणीही कोड घ्यावा, विकावा, आपले बदल परतही देऊ नयेत, याला मुभा आहे. पण क्लँगवर काम करणारे बरेचसे लोक याच मोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत. तुमचा मुलगा रात्री ज्यांच्याशी चर्चा करतो, त्यातल्या अनेकांची ती दिवसाची नोकरी आहे. तो त्यांच्याकडून जे शिकतोय ते कुठल्याही क्लासमध्ये पैसे देऊनही मिळत नाही. त्याचा प्रत्येक बदल त्याच्या नावाने कायमचा नोंदलेला राहतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला तो उघडून वाचता येतो. नोकरीची हमी मात्र मी देणार नाही. गूगल समर ऑफ कोड या योजनेत एलएलव्हीएम भाग घेत आलं आहे. त्यात निवड झाली तर मानधनही मिळतं. पुढच्या वर्षी अर्ज करायला सांगा.

झोपेचं मात्र तुमचंच ऐकलं पाहिजे. अमेरिकेतल्या लोकांच्या उत्तराची वाट बघत जागायची गरज नसते. रात्री अकराला प्रश्न लिहून झोपायचं, उत्तर सकाळच्या चहाला आलेलं असतं. माझं नाव सांगून त्याला हे सांगा.

कंपायलरचे एरर मराठीत का येत नाहीत? ओपन सोर्स आहे तर आपणच भाषांतर करून टाकूया की!
वाचक, म्हापसा

तुमचा उत्साह मला हवाच आहे, पण काम वाटतं त्यापेक्षा खोल आहे. जीसीसीचे संदेश कित्येक भाषांत भाषांतरित होतात. क्लँगचे आजही फक्त इंग्रजीत आहेत. गंमत म्हणजे क्लँगच्या संदेशांची रचना करतानाच भाषांतराचा विचार केलेला होता. सगळे संदेश कोडमध्ये विखुरलेले नसून वेगळ्या फाइलींत एकत्र आहेत. अनेकवचनासाठी एक खास सोय आहे, आणि दस्तऐवजात तर म्हटलंय की बाल्टिक भाषांसारखी अवघड अनेकवचनंही तिच्यात बसावीत.

पण लिंगाचा विचार कोणी केलेला नाही. इंग्रजीत ‘अनयूज्ड’ हा एकच शब्द व्हेरिएबल, फंक्शन, पॅरामीटर सगळ्यांना चालतो. मराठीत न वापरलेला पॅरामीटर, न वापरलेलं फंक्शन, न वापरलेली व्हॅल्यू. क्लँगच्या एका संदेशात अनेकदा ‘यातलं एक निवड’ अशी जागा असते. तिथे आपल्याला नुसतं नाम बदलून भागत नाही, विशेषण आणि क्रियापदही त्याच्यामागून बदलावं लागतं.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. व्हेरिएबलचं नाव ‘आकडा’ असेल तर ‘आकड्याला किंमत दिलेली नाही’ असं आपण म्हणू. पण कोडमधलं नाव मोडता येत नाही, ते जसंच्या तसं दिसायला हवं, नाहीतर शोधणार कसं? ‘आकडाला’ हे कानाला खटकतं. यावर मला सापडलेली वाट म्हणजे प्रत्यय नावाला न लावता पुढच्या शब्दाला लावायचा: ‘आकडा’ या नावाला किंमत दिलेली नाही. चार अक्षरं वाढतात, पण वाक्य मराठी राहतं.

मी एका वहीत चाळीसेक संदेश असे मराठीत करून ठेवले आहेत. इंग्रजी संदेशांचे जे संकेत क्लँगमध्ये आहेत तेच पाळले: वाक्य छोटं, शेवटी पूर्णविराम नाही, जे बाणाने दाखवलंय ते शब्दांत पुन्हा नाही. सर्वांत जास्त खाडाखोड झाली आहे ती नाव चुकल्यावर येणाऱ्या प्रश्नाची. ‘म्हणायचं होतं का?’, ‘म्हणायचं आहे का?’, ‘हे तर नव्हे?’ अशी तीन रूपं एकाखाली एक लिहिली आहेत. चिपळूणच्या सरांच्या मुलांना यातलं कोणतं वाचून धीर येईल ते मला ठरवता आलेलं नाही. सर, मुलांना विचारून कळवाल का? आणि म्हापशाहून तुम्हीही लिहा. तुमच्याकडची मुलं हाच प्रश्न कोकणीत कसा विचारतील, तेही मला वहीत उतरवून घ्यायचं आहे.